खुंट्याला बांधलेला घोडा

अकोला-अमरावतीच्या तालुक्यातालुक्यांतून आलेल्या पशुवैद्यक मित्रहो,

अध्यक्षपदावरून बोलायला मी घोड्याच्या पायांची सूज हा विषय घेतला, याचे काहींना नवल वाटेल. आपला दिवस गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांमध्ये जातो. २०१९ च्या पशुगणनेत साऱ्या देशात घोडे आणि तट्टे मिळून जेमतेम ३.४ लाख भरली. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून जास्त. आपल्या शहरांतले टांगे ऑटोरिक्षांनी केव्हाच मोडीत काढले. दिसतात ते वरातीचे घोडे, आणि चिखलदऱ्याला पर्यटकांना पाठीवर फिरवणारे. घोडे कमी झाले तसे त्यांचे दुखणे ओळखणारे हातही कमी झाले, आणि मला काळजी आहे ती याचीच.

वरातीच्या घोड्याचे वर्ष पंचांगावर चालते. तुळशीचे लग्न लागले की काम सुरू, आषाढी एकादशी आली की बंद. पुढचे चार महिने जनावर टिनाच्या शेडखाली अगाडी-पिछाडी लावून उभे. बाहेर काळ्या मातीचा चिखल, फिरवायला जागा नाही. चंदी मात्र लग्नसराईतलीच चालू राहते, कारण मालकाचा जीव त्याच्यावर असतो. काही दिवसांत मागच्या दोन्ही पायांच्या नळ्या खुरापर्यंत सुजतात आणि मालक दवाखान्यात येतो : “सायेब, घोड्याचे पाय भरून आले, एक सुई मारून द्या न.”

ही सुई बहुतेक वेळा मारू नये, एवढेच मला आज ठासून सांगायचे आहे.

घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच. आहेत ती हाडे, कंडरा आणि कातडी. खाली आलेले रक्त आणि लसिका वर चढते ते चालण्याच्या जोरावर. पाऊल टेकले की खुरातल्या मऊ गादीवर दाब येऊन तिथले रक्त वर ढकलले जाते. सांधे आणि कंडरा हलल्या की लसिका पुढे सरकते. घोडा उभा राहिला की हे सारे मंदावते. त्यात मागच्या पायाला पिछाडीचा दोर. अशी सूज दोन्ही पायांना सारखी असते, हाताला थंड लागते, बोटाने दाबली तर खड्डा राहतो. घोडा लंगडत नाही, चारा सोडत नाही. अर्धा तास चालवला की सूज उतरू लागते. निदान त्यातच होते आणि उपचारही.

तिथे स्टिरॉइड टोचून आपण काय मिळवतो? त्याने खुराच्या आतल्या दाहाचा धोका ओढवू शकतो, आणि पाणी उतरवणारे औषध दिले तरी घोडा खुंट्यालाच असेल तर पाय पुन्हा भरतात. त्यापेक्षा चिठ्ठीवर लिहून द्या : सकाळ-संध्याकाळ हातात धरून फिरवणे, पिछाडी सोडणे, जमीन कोरडी ठेवणे, काम नाही तोवर चंदी कमी करून कडबा-गवत वाढवणे. बसून चंदी खाल्लेला घोडा एकदम कामाला जुंपला तर पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात, लघवी गडद तपकिरी येते. ते दुखणे सुजेपेक्षा कितीतरी वाईट. पायाला पट्टी बांधायचीच तर खाली कापसाचा जाड थर हवा. एकाच जागी आवळलेली पट्टी कंडरा दुखावते.

पण एक गोष्ट विसरू नका. पावसाळा म्हणजे गोमाशीचाही हंगाम, आणि ती सर्रा पसरवते. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माईल खान इथे आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात या रोगाचा परोपजीवी पाहिला. सर्रातही पाय सुजतात, पोटाखाली पाणी उतरते. मात्र ताप येतो-जातो, पापण्यांच्या आतला भाग फिका पडतो, चारा खाऊनही घोडा खंगत जातो. चालवून ही सूज नीट उतरत नाही. म्हणून थर्मामीटर लावल्याशिवाय आणि पापणी उलटून पाहिल्याशिवाय ‘बांधून ठेवल्याने सुजला’ असे म्हणू नका. ताप चढलेला असताना रक्त घ्या. एका काचपट्टीत परोपजीवी दिसला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, पुन्हा घ्या.

एकच पाय सुजला, गरम आणि दुखरा असेल तर ते प्रकरण वेगळे : खुरातला पू, कंडराची इजा किंवा लसिकावाहिन्यांचा संसर्ग. आणि पायाच्या आतल्या बाजूने गाठींची माळ दिसली, गाठी फुटून वाहत असतील, तर ग्लँडर्सची शंका घ्या. हातमोजे घाला, घोडा वेगळा बांधा, लगेच वर कळवा. हा रोग माणसालाही होतो, आणि त्यासाठी १८९९ सालीच कायदा झाला होता.

माझी एक सूचना आहे. येत्या आषाढीनंतर आपल्या तालुक्यातला प्रत्येक तबेला एकदा सकाळी, घोडा बाहेर काढण्याआधी पाहावा. नळीचा घेर फितीने मोजावा, ताप पाहावा, घोडा अर्धा तास चालवून घेर पुन्हा मोजावा आणि मालकासमोर दोन्ही आकडे लिहावेत. फरक डोळ्यांनी दिसला की तो सुई मागणार नाही. ज्यांची सूज उतरली नाही त्यांच्या रक्ताच्या काचपट्ट्या अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत तपासून घ्याव्यात. आणि शहरातल्या ज्या वस्त्यांत तबेले आहेत, तिथे घोडा फिरवण्यापुरती मोकळी जागा पहाटे मिळावी, असे निवेदन आपण सर्वांच्या सह्यांनी दोन्ही महानगरपालिकांना द्यावे. मसुदा मी बरोबर आणला आहे. चहाच्या सुट्टीत तो वाचून त्यात भर घालावी, ही विनंती.