मागें उभा राहणारा
(सुवर्ण महोत्सवी फुटबॉल सामन्यांच्या पारितोषिक समारंभांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)

प्रिय बंधुभगिनींनो, आणि ज्यांच्या गुडघ्यांवर मैदानाची धूळ अजून ताजी आहे अशा तरुण मित्रांनो,

महोत्सव समितीनें आजच्या समारंभांत आम्हांस चार शब्द बोलावयास सांगितलें, तेव्हां आम्हीं प्रथम या मेजावरील चषक पाहून घेतले. विजयी संघासाठीं एक, उपविजयी संघासाठीं एक, सर्वांत अधिक गोल करणारासाठीं एक आणि अंतिम सामन्यांतील उत्कृष्ट खेळाडूसाठीं एक. आणि तो उत्कृष्ट खेळाडूही गोल करणारांतूनच निवडला गेला आहे. गोल अडविणाराच्या नांवानें या मेजावर कांहींच नाहीं. समितीस आम्ही बोल लावीत नाहीं. जगाची चाल अशीच आहे, आणि आमची स्वतःची चालही एके काळीं अशीच होती, तें पुढें सांगूं.

आणखी एक गोष्ट आमच्या मनांत आहे. रविवारचा अंतिम सामना पेनल्टींवर गेला आणि एका बचावपटूनें मारलेला चेंडू आडव्या खांबावरून पलीकडच्या वाडींत जाऊन पडला, हें आपण सर्वांनीं पाहिलें. त्या रात्रीं कांहीं मंडळी त्या मुलाच्या घरावरून मोटारसायकलींचे भोंगे वाजवीत तीनदां गेली, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. तें आमच्या कानीं आलें आहे. म्हणून आज आम्ही एका बचावपटूचीच हकीकत सांगणार आहों. हा मनुष्य आपल्या गांवचा नाहीं, आपल्या देशाचाही नाहीं. तो इटलीचा आहे.

फ्रँको बारेसी याचा जन्म ८ मे १९६० रोजीं उत्तर इटलींत, ब्रेशिया शहरानजीकच्या त्राव्हाल्यातो या गांवीं झाला. चेंडूला पहिल्या लाथा त्यानें मारल्या त्या तेथील धर्मग्रामाच्या ओरातोरिओंत. ओरातोरिओ म्हणजे काय, हें येथें थोडें सांगितलें पाहिजे. इटलीच्या गांवोगांवीं चर्चलगत एक अंगण असतें; धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला कीं मुलें तेथें खेळावयास जमतात. सोळाव्या शतकांत संत फिलिप नेरी यांनीं रोम शहरांत ओरातोरिओची प्रथा सुरू केली, आणि एकोणिसाव्या शतकांत डॉन बॉस्को यांनीं तुरिनमध्यें तिला मुलांच्या खेळण्याबागडण्याची जोड दिली. तिचीच ही परंपरा. आपल्या चर्चमागील मैदानावर गाड्या लावण्याची सोय करावी कीं काय, अशी चर्चा अधूनमधून निघते, म्हणून हें जरा विस्तारानें सांगितलें.

किशोरवयांतच फ्रँकोचे आईबाप दोघेही वारले. थोरला भाऊ ज्युसेप्पे यास मिलान शहरांतील इंटर या संघानें घेतलें. फ्रँको अंगानें किरकोळ, म्हणून त्यास परत पाठविलें. मग तो त्याच शहरांतील दुसऱ्या संघाकडे, ए. सी. मिलानकडे गेला. तेथें त्यास ‘पिशिनीन’ म्हणूं लागले. मिलानच्या बोलींत याचा अर्थ चिमुकला. २३ एप्रिल १९७८ रोजीं तो वेरोनाविरुद्ध पहिल्या संघांतून प्रथम खेळला, तेव्हां त्याचें अठरावें वर्ष अद्याप पुरें झालें नव्हतें. पुढच्याच हंगामांत, १९७९ सालीं, मिलाननें इटलीचें अजिंक्यपद मिळविलें. दोघे भाऊ पुढें कित्येक वर्षें एकाच शहराच्या दोन वैरी संघांतून समोरासमोर खेळले, दोघेही आपापल्या संघाचे कर्णधार झाले. आणि १९८६ च्या विश्वचषकासाठीं प्रशिक्षकांनीं थोरल्यास नेलें व धाकट्यास वगळलें. त्या वर्षीं नाताळच्या जेवणाला या दोघांत काय बोलणें झालें असेल, याचें आम्हांस कुतूहल आहे.

परंतु आपण जरा मागें जाऊं. १९८० सालीं इटलींत पैजा लावून सामन्यांचे निकाल फिरविल्याचें प्रकरण उघडकीस आलें. त्यांत मिलानचे अध्यक्ष व कांहीं खेळाडू गुंतले होते, आणि शिक्षा म्हणून सबंध संघास दुसऱ्या श्रेणींत उतरविण्यांत आलें. बारेसीचा त्यांत कांहींएक संबंध नव्हता. एका वर्षांत संघ वर आला. पण १९८२ सालीं तो पुन्हां खालीं गेला, आणि या खेपेस कोणा न्यायाधिकरणाच्या निकालानें नव्हे, तर मैदानावरच हरून. त्याच हंगामांत रक्तांतील संसर्गामुळें बारेसी कांहीं महिने खेळाबाहेर होता.

आतां तारखांकडे लक्ष द्यावें. १९८२ च्या जुलैमध्यें इटलीनें माद्रिद येथें विश्वचषक जिंकला. बावीस वर्षांचा बारेसी त्या चमूंत होता. त्यास एकही सामना खेळावयास मिळाला नाहीं, तरी विश्वविजेत्या चमूंतील तो एक होता. आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत हा तरुण दुसऱ्या श्रेणीच्या मैदानांवर, लहान लहान शहरांच्या संघांशीं खेळावयास उतरला. अशा खेळाडूस मोठ्या संघांचीं दारें बंद नसतात. व्यावसायिक खेळाडूचें खेळाचें आयुष्य दहापंधरा वर्षांचें. त्यांतील एकेक वर्ष म्हणजे पोटापाण्याचा हिशेब असतो, आणि तो हिशेब करण्यांत आम्हांस कांहीं पाप दिसत नाहीं. आपल्यांतील कित्येकांचीं मुलें याच हिशेबानें आखातांत गेलीं आहेत. पण बारेसी राहिला. संघानें त्यास त्याच वर्षीं कर्णधार केलें, आणि तें पद त्यानें पंधरा वर्षें सांभाळलें. मूळचा तो फार थोडें बोलणारा मनुष्य. राहिला, एवढेंच त्याचें भाषण.

आतां त्याच्या खेळाविषयीं. चेंडू दिसला कीं आंधळेपणानें दूर भिरकावणारा तो बचावपटू, असें आपल्याकडे अजून समजतात. संघ निवडतांना ज्यास पुढें खेळतां येत नाहीं त्यास मागें उभा करतात. बारेसीच्या जागेस इटालियन लोक ‘लिबेरो’ म्हणतात. लिबेरो म्हणजे मोकळा. इतर बचावपटू समोरच्या एकेका खेळाडूस चिकटून राहत, आणि हा त्यांच्या मागें मोकळा राहून जें निसटेल तें अडवी. उंचीनें तो बेताचाच, पावणेसहा फूट. परंतु चेंडू कोठें येणार हें त्यास इतरांच्या आधीं कळे, आणि तो तेथें जाऊन उभा राही. पाहणारास वाटे, चेंडू आपण होऊन याच्याकडे आला.

१९८७ सालीं आर्रिगो साक्की मिलानचे प्रशिक्षक झाले, आणि त्यांनीं ही जुनी रीत मोडली. चार बचावपटू एका रेषेंत उभे राहूं लागले: तास्सोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी आणि तरुण पाओलो माल्दिनी. ही रेषा एकदम पुढें सरके, आणि प्रतिपक्षाचा आघाडीचा गडी तिच्यामागें ऑफसाइडमध्यें सांपडे. सरकावयाचें कधीं, तें बारेसीच्या नजरेवर अवलंबून असे. त्याचा वर केलेला हात त्या काळीं सर्व युरोपच्या ओळखीचा झाला होता. चौघांपैकीं एकानें पाऊल टाकावयास क्षणभर उशीर केला तर सारा डाव उलटे. ज्यांनीं हें करून पाहिलें आहे त्यांस यांतील धोका सांगावयास नको.

साक्की यांनीं स्वतः सांगितलेली एक गोष्ट आहे. गुलिट व व्हान बास्टन हे जगप्रसिद्ध डच खेळाडू संघांत होते. त्यांस या शिस्तीची किंमत पटवून देण्यासाठीं साक्की सरावांत एकीकडे पांच जण उभे करीत, म्हणजे गोलरक्षक जोव्हान्नी गाल्ली आणि हे चौघे. दुसरीकडे दहा जण. त्यांत गुलिट, व्हान बास्टन, रायकार्ड, दोनादोनी, आन्चेलोत्ती असे नामांकित गडी. दहांनीं पंधरा मिनिटांत एक गोल करावयाचा. चेंडू गमावला कीं पुन्हां आपल्या अर्ध्या भागांतून सुरुवात. साक्की म्हणतात, त्या दहांस एकदांही गोल करतां आला नाहीं.

मग फळ आलें. १९८७-८८ च्या हंगामांत ३० सामन्यांत या संघावर अवघे १४ गोल झाले आणि अजिंक्यपद नऊ वर्षांनीं परत मिळालें. १९८९ व १९९० सालीं युरोपियन चषक आला. पुढें कापेल्लो हे प्रशिक्षक असतांना १९९३ पर्यंत लीगमधील ओळीनें ५८ सामने मिलान हरला नाहीं. १९८९ सालीं युरोपांतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा ‘सोन्याचा चेंडू’ कोणास द्यावा हें ठरलें, तेव्हां पहिले तिघेही मिलानचेच निघाले: पहिला गोल करणारा व्हान बास्टन, दुसरा बारेसी, तिसरा रायकार्ड. मेजावरील चषकांविषयीं आम्ही म्हणालों, तें तेथेंही खरें आहे.

आतां १९९४ चा विश्वचषक. तो अमेरिकेंत झाला. बारेसी चौतीस वर्षांचा, इटलीचा कर्णधार. २३ जून रोजीं नॉर्वेविरुद्ध खेळतांना त्याच्या गुडघ्यांतील कूर्चेला इजा झाली आणि तेथेंच शस्त्रक्रिया करावी लागली. स्पर्धा त्याच्यापुरती संपली, असें सर्वांनीं धरलें. इटली मात्र कसाबसा पुढें सरकत अंतिम सामन्यास पोंचला, आणि १७ जुलै रोजीं, म्हणजे दुखापतीनंतर चोविसाव्या दिवशीं, पासाडेना येथील रोझ बोल मैदानावर बारेसी संघास घेऊन उतरला. भर दुपारचें ऊन, ९४ हजारांवर प्रेक्षक, आणि समोर ब्राझीलचे रोमारिओ व बेबेतो. कोस्ताकुर्ता शिक्षेमुळें बाहेर होता. त्या दिवशीं बारेसी जसा खेळला, तसा कोणी बचावपटू अंतिम सामन्यांत खेळलेला आम्हांस तरी आठवत नाहीं. नव्वद मिनिटें झालीं, आणखी तीस झालीं, पायांत पेटके येऊं लागले. तरी गोल झाला नाहीं. विश्वचषकाचा अंतिम सामना पेनल्टींवर गेला तो इतिहासांत प्रथमच. पहिली पेनल्टी मारावयास कर्णधार म्हणून बारेसी गेला, आणि चेंडू आडव्या खांबावरून गेला. पुढें मास्सारोची पेनल्टी अडविली गेली, शेवटची रॉबेर्तो बाज्जिओची वरून गेली, आणि ब्राझील ३–२ नें जिंकला. बारेसी लहान मुलासारखा रडला.

आपल्याकडे तेव्हां १८ जुलैची पहांट होत होती. आम्ही त्या वेळीं सेमिनरींत होतों. रेक्टरांनीं मोठ्या मिनतवारीनें दूरचित्रवाणी पाहण्याची परवानगी दिली होती. आमच्यापैकीं बहुतेक इटलीच्या बाजूचे. सामना संपतांच आम्हीं सर्वांनीं मिळून बारेसीचा निवाडा केला. गुडघा दुखावलेल्या माणसानें यावें कशाला, पेनल्टी दुसऱ्यास कां दिली नाहीं, म्हाताऱ्यास मोह सुटला नाहीं. असें बोलणाऱ्यांत आमचा आवाज सर्वांत मोठा होता. न्याहारीच्या वेळींही तेंच चाललें होतें. तेथें एक वयोवृद्ध फादर बसत. फुटबॉलमधलें त्यांस कांहीं कळत नसे. त्यांनीं विचारलें, तो मनुष्य मैदानावर किती वेळ होता? आम्हीं सांगितलें, दोन तास. तेवढ्या वेळांत ब्राझीलनें किती गोल केले? आम्हीं म्हटलें, एकही नाहीं. त्यांनीं मान हलविली आणि चहा पुढें ओढला. आम्ही मात्र त्या दिवशीं न्याहारी अर्धी टाकून उठलों. त्या चहाच्या टेबलावर जें बोललों, त्याची लाज आम्हांस आजही वाटते.

बारेसी त्यानंतर तीन वर्षें मिलानकडून खेळला. १९९६ सालीं सहावें इटालियन अजिंक्यपद त्यानें पाहिलें, १९९७ सालीं खेळ थांबविला. वीस हंगाम, एकच संघ, ७१९ सामने. त्याचा ६ क्रमांकाचा सदरा संघानें कायमचा ठेवून दिला. तो क्रमांक मिलानमध्यें पुन्हां कोणास दिला गेला नाहीं.

समितीची क्षमा मागून एक गोष्ट करतों. आम्हीं आज येतांना एक लहानसा चषक बरोबर आणला आहे. तो कार्यक्रमपत्रिकेंत नाहीं. या सामन्यांत भाग घेतलेल्या सर्व संघांच्या गोलरक्षकांनीं कृपा करून व्यासपीठामागें यावें. बचावपटूचें काम मागून कसें दिसतें, तें त्यांच्याइतकें कोणीं पाहिलेलें नाहीं. त्यांनीं पांच मिनिटांत आपसांत ठरवून एक नांव आम्हांस सांगावें. तोंपर्यंत बँडवाल्यांनीं कांहीं वाजवावें.