चित्र, कथा आणि ग्रंथालयाचे व्यासपीठ

(बडोदे येथील ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



शताब्दीच्या मंगल प्रसंगी आपल्या ग्रंथसंपदेचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. तथापि, ज्याला वाचता येत नाही, त्याला ग्रंथालयाने काय द्यावे, हा प्रश्नही आज आपण स्वतःला विचारला पाहिजे.

बडोद्याने त्याचे उत्तर फार पूर्वी दिले आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास येथे पाचारण केले. पुढे संस्थानच्या ग्रंथालय खात्याने पुस्तकांच्या पेट्या गावोगाव धाडल्या. त्याचबरोबर दृक्शिक्षणाची शाखा काढून निरक्षरांना मॅजिक लँटर्नची चित्रे आणि चित्रपटही दाखविले. अक्षरापूर्वी चित्र आणि वाचनापूर्वी श्रवण, हा क्रम त्या खात्याने ओळखला होता.

या भूमीला तो नवा नव्हता. सतराव्या शतकातील प्रेमानंद हा याच नगरीचा आख्यानकवी. बोटांतील अंगठ्यांनी तांब्याच्या माणावर ताल धरून आख्यान रंगविणाऱ्या माणभट्टांची परंपरा आणि आपल्या कीर्तनकारांची परंपरा या सख्ख्या बहिणीच होत.

चित्राचे उदाहरण कीर्तिमंदिरात आहे. नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात तेथील भिंतींवर गंगावतरण, महाभारतयुद्ध, मीराबाईचे जीवन आणि रवींद्रनाथांची ‘नटीर पूजा’ रंगविली. कथा ऐकताना आपण ‘पुढे काय झाले?’ असे विचारतो. चित्रासमोर मात्र ‘हाच क्षण का निवडला?’ असा प्रश्न पडतो. पण भगीरथाची तपश्चर्या ज्याच्या कानांवर पडलेली नाही, त्याला गंगावतरणात एक जटाधारी पुरुष आणि एक जलधारा एवढेच दिसणार! चित्राला बोलते करण्यासाठी कथा सांगणारा हवाच.

आपल्या घरांतील चिंतेचे मूळही येथेच आहे. आपली नातवंडे गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. आजीचे मराठी त्यांना समजते, हिंदीमुळे देवनागरीही परकी नाही. तरीही मराठी पुस्तक त्यांच्या हाती दिसत नाही. कान आणि पुस्तक यांमधील हे अंतर केवळ उपदेशाने मिटणार नाही.

म्हणून माझी नम्र सूचना आहे. महिन्यातून एका सायंकाळी येथे एकच चित्र मांडावे, जाणत्या वक्त्याने त्याची कथा सोप्या मराठीत सांगावी, आणि त्या कथेची पुस्तके त्याच वेळी टेबलावर ठेवून घरी नेऊ द्यावीत. गुजराती शेजाऱ्यांनाही अगत्याने बोलवावे. कधी त्यांच्याकडून प्रेमानंदाचे आख्यान ऐकावे. ऐकलेली गोष्ट पुन्हा भेटावी म्हणून एखादे मूल कपाटाकडे वळेल, तेव्हा या संस्थेचे दुसरे शतक खऱ्या अर्थाने सुरू झाले असे मी मानीन.