रिचमंडच्या मॅगी वॉकर

विमा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो एजंट, त्याची ती फुगलेली बॅग आणि ‘आज नको, पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणारा घरधनी. आज मी ज्या बाईंची आठवण सांगणार आहे, त्यांच्या लोकांना मात्र हा विषय पुढच्या महिन्यावर टाकता येत नव्हता. माणूस गेला तर त्याला पुरायचे कोणाच्या पैशाने, असा तो रोकडा प्रश्न होता.

मॅगी लीना वॉकर यांचा जन्म १८६४ चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरातला. गुलामगिरी अजून उठायची होती. सावत्र वडील गेल्यावर आईने लोकांची धुणी धुऊन घर चालवले आणि ही पोर धुतलेले कपडे गोऱ्यांच्या घरोघर पोचवी. काळ्या माणसाला विमा मिळालाच, तर तोही उणा. १८८१ साली एका बड्या कंपनीने ठरवूनच टाकले, की हप्ता तोच घ्यायचा, पण काळ्या विमेदाराच्या वारसाला रक्कम एक तृतीयांशाने कमी द्यायची!

तेव्हा या लोकांनी आपापली मंडळे काढली. ‘इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक’ हे त्यांतलेच एक. मेरी प्राउट नावाच्या बाईंनी ते १८६७ मध्ये बाल्टिमोरला सुरू केले. आपल्याकडची भिशी आणि मयतीचा फंड यांची सांगड घालावी, तसा हा प्रकार. थोडी थोडी वर्गणी भरायची. आजारपणात मदत मिळे आणि मेल्यावर दफनाचा खर्च. मॅगीबाई चौदाव्या वर्षी त्यात शिरल्या. पुढे तीन वर्षे शाळेत शिकवले. पण १८८६ मध्ये लग्न झाले आणि नोकरी सुटली, कारण लग्न झालेल्या बाईने शाळेत शिकवायचे नाही असा तिथला दंडक. शाळेचा तोटा तो मंडळाचा फायदा झाला म्हणायचा!

१८९९ मध्ये त्या मंडळाच्या मुख्य चिटणीस झाल्या, त्याही आधीच्या चिटणिसांच्या एक तृतीयांश पगारावर. तिजोरी उघडून पाहिली तर शिल्लक ३१ डॉलर ६१ सेंट, आणि देणे ४०० डॉलरचे. दुसरा कोणी असता तर किल्ली परत देऊन घरी गेला असता. बाई गावोगाव हिंडल्या, सभा घेतल्या, सभासद जोडले. आपली वर्गणी आपण परक्यांच्या बँकेत का ठेवतो, हा त्यांचा सवाल होता. १९०२ मध्ये त्यांनी वृत्तपत्र काढले आणि १९०३ मध्ये सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक. अमेरिकेत बँक स्थापून तिचे अध्यक्षपद सांभाळणारी ही पहिली काळी स्त्री. मुलांना त्या पुठ्ठ्याच्या छोट्या पेट्या देत, आणि पेटीत पैसे साठले की खाते उघडून देत. धुणी धुणाऱ्या बायकांची नाणी इथे मोजून, मानाने घेतली जात.

सगळेच साधले असे नाही. १९०५ मध्ये मंडळाने मोठे दुकान उघडले. गोऱ्या व्यापाऱ्यांनी घाऊक मालाच्या वाटा अडवल्या आणि काही वर्षांत ते बंद पडले. १९१५ मध्ये तर घरावरच घाला आला. चोर समजून मुलाने गोळी झाडली, ती वडिलांना लागली आणि ते गेले. मुलगा खटल्यातून निर्दोष सुटला. बाई कामावर राहिल्या.

उतारवयात पायांनी दगा दिला, तरी चाकांच्या खुर्चीतून कारभार चालूच होता. १९३० च्या मंदीत त्यांची बँक इतर बँकांत विलीन झाली, म्हणून तरली. बाई १९३४ मध्ये वारल्या. २०१७ मध्ये रिचमंडला त्यांचा पुतळा उभा राहिला. चष्मा कोटाला अडकवलेला, आणि हातात चेकबुक.