पत्रादेवी : सीमेवरचे एक गाव



नकाशावरील रेघ शाळकरी मुलाला कायमची वाटते. ती माणसेच आखतात आणि माणसेच पुसतात, याची साक्ष गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यातील पत्रादेवी हे लहानसे ठिकाण देते. पलीकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बांदा. दोन्हीकडे तोच लाल मातीचा मुलूख, तीच भातशेती, तीच दशावतारी नाटके आणि तेच सोयरेसंबंध. तरीही १९६१ पर्यंत या दोहोंमधून दोन राष्ट्रांची सरहद्द जात होती.

ही सरहद्द प्राचीन नव्हती. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा शहर घेतले, परंतु पेडणे त्यांच्याकडे आले ते १७८८ मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. म्हणूनच हा तालुका ‘नव्या काबिजादी’त मोडतो. राजसत्ता बदलली, तरी घरातील बोली आणि देवळातील कीर्तन बदलले नाही.

१९४७ नंतर मात्र ही रेघ बोचू लागली. बांद्याला तिरंगा फडकत होता, पत्रादेवीला तो हाती धरणे हा गुन्हा होता. गोवा मुक्त व्हावा यासाठी पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती उभी राहिली. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची तुकडी सीमा ओलांडून गेली. कर्नाटकातील नरगुंदचे जगन्नाथराव जोशी यांनीही त्याच वर्षी सत्याग्रहींचे नेतृत्व केले. या लढ्यात मराठी, कन्नड, हिंदी, पंजाबी असा भेद उरला नव्हता.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही अनेक वाटांनी गोव्यात शिरले. पत्रादेवीच्या वाटेवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. मध्य प्रदेशातील सागरच्या सहोदराबाई राय हाती ध्वज घेऊन चालत असता जखमी झाल्या. पुढे त्या लोकसभेवर निवडून गेल्या. पंजाबातील इसरू गावचे कर्नेल सिंग याच ठिकाणी धारातीर्थी पडले. त्या एका दिवशी गोव्याच्या सीमांवर वीसहून अधिक सत्याग्रहींनी प्राण वेचले. ज्यांची बोली कर्नेल सिंगांना कदाचित कळलीही नसती, अशा माणसांच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी देह ठेवला.

त्यानंतर भारत सरकारने गोव्यातील आपला वाणिज्य दूतावास बंद केला आणि सीमेवरील निर्बंध कडक झाले. हाकेच्या अंतरावरील माहेर परदेश ठरले. लग्न, बारसे, अंत्यविधी यांसाठीही परवान्याची अडचण उभी राहिली. सीमेचा खरा भार सेनापतींपेक्षा अशा घरांनी वाहिला. अखेर १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पत्रादेवीची आंतरराष्ट्रीय सीमा इतिहासजमा झाली. १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होता स्वतंत्र राहणे पसंत केले. ३० मे १९८७ रोजी त्यास राज्याचा दर्जा मिळाला. रेघ राहिली, परंतु तिची धार गेली. आज तेथे तपासणी नाका आहे आणि हुतात्म्यांचे स्मारक आहे. समुद्रकिनाऱ्याच्या ओढीने धावणाऱ्या शेकडो गाड्यांपैकी थोड्याच त्या स्मारकापाशी थांबतात.

बेंगळुरूतील मराठी शाळेच्या हीरकमहोत्सवात या गावाची आठवण कशासाठी? या शाळेतील मूल घरी मराठी बोलते, गल्लीत कन्नड, बाजारात आणखी एखादी भाषा. रोज तीन-चार सीमा ते सहज ओलांडते. मातृभाषा जपणे म्हणजे भोवती कुंपण घालणे नव्हे, हे त्याला कुणीतरी सांगावयास हवे. आणि ते सांगण्यास पत्रादेवीइतका समर्थ धडा विरळा. तेथील माणसांनी पावणेदोनशे वर्षे परक्या सत्तेखाली आपली भाषा टिकवली, आणि त्यांच्या मुक्तीसाठी परभाषकांनी रक्त सांडले. या दोन्ही गोष्टी एकाच मातीत घडल्या.

पालकहो, पुढील सुट्टीत गोव्याची वाट धराल, तेव्हा पत्रादेवीला घटकाभर गाडी थांबवा. मुलाला तेथील नावे मोठ्याने वाचू द्या. इतिहासाच्या पुस्तकातील रेघ त्या दिवसापासून त्याला निराळी दिसेल.