वरंगलला गेल्यावर उतरायचं कुठे?



आपल्या सिरोंच्याहून गडचिरोलीपेक्षा वरंगल जवळ. गोदावरीवर पूल झाल्यापासून तर बाया एकट्याही पेशंट घेऊन तिकडे जातात. पण उतरायचं कुठे, हे बसमधून उतरल्यावर ठरवतात. पैसा तिथंच जातो.

वरंगल म्हणजे एकमेकांना लागून तीन गावं : वरंगल, हनमकोंडा, काझीपेठ. एमजीएम हा मोठा सरकारी दवाखाना वरंगलच्या बाजूला, खासगी दवाखाने बरेचसे हनमकोंड्यात. आधी चिठ्ठी कुठल्या दवाखान्याची ते बघा. तिथं पायी जाता येईल अशीच खोली घ्या. काझीपेठला स्टेशनजवळ शंभर रुपयांनी स्वस्त मिळाली, तरी ते शंभर ऑटोवाल्याला जातात. शिवाय रात्री औषध आणायला निघायचं झालं तर?

खोली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आतून कडी नीट लागते का, संडास खोलीतच आहे का, पेशंटला जिना चढावा लागेल का, बघा. भाडं चोवीस तासांचं की दुपारी बाराला खोली सोडायची, तेही विचारा. आधार कार्डाची झेरॉक्स द्या, कार्ड ठेवून येऊ नका. तेलुगू आपल्याला येतंच, भाव करायला लाजू नका.

मेडारमची जत्रा दोन वर्षांनी भरते, तेव्हा हनमकोंड्यात फार गर्दी. तपासणी पुढे ढकलता येत असेल तर ढकला.

आणि गटाकडे कर्ज मागताना बाया फक्त दवाखान्याचा खर्च सांगतात. खोली, ऑटो, जेवण धरूनच आकडा सांगा. कुणी म्हटलं, "राहायला एवढे कशाला?", तर तिला माझ्याकडे पाठवा.