वीज पडघ्याला, राख चंद्रपूरला
(युवक शिबिरातलं भाषण)



मघाशी एका साथीची चिठ्ठी आली. त्यानं विचारलंय, कोळशाची वीज केंद्रं बंद करा म्हणणारे लोक पोटभरू, फ्लॅटवाले. त्यांच्या नादी आपण का लागायचं? आपल्या वस्तीत बिल थकलं की मीटर कापून नेतात, आणि आपणच म्हणायचं वीज नको?

प्रश्न बरोबर आहे. त्याला बगल देऊन मी पुढं जाणार नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजपुरवठ्याच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न थेट गरिबीशी जोडला. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, कारण उद्योगाशिवाय या देशातला माणूस दारिद्र्यातून वर येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा कंदील लावून बसा असं सांगणारा इथं कुणी आला तर त्याला मीच हाकलीन. मला विचारायचंय ते एवढंच की, ही जी स्वस्त वीज म्हणतात, ती स्वस्त कुणामुळं झाली? तिचं उरलेलं बिल कोण भरतं?

हिशोब साधा आहे. एक युनिट विजेला आपल्याकडं साधारण पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. आपला कोळसा राखाडा, शंभर किलोत तीस-चाळीस किलो राख. म्हणजे एका युनिटमागं पाव किलो राख. पंखा तुमच्या घरात फिरतो, पाव किलो राख दुसऱ्या कुणाच्या तरी दारात पडते. त्या राखेत सिलिका आहे, आर्सेनिक आहे, शिसं आहे, पारा आहे. चिमणीतून गंधकाचा वायू जातो, हवेत त्याचे बारीक कण होतात, इतके बारीक की फुप्फुसात खोल जाऊन रक्तात उतरतात. दमा, हृदयविकार, अर्धांगवायू, कॅन्सर. डॉक्टर चिठ्ठीवर रोगाचं नाव लिहितो, चिमणीचं लिहीत नाही.

आता चंद्रपूर बघा. महानिर्मितीचं केंद्र, २९२० मेगावॅट. १९९९ पासून चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची लाइन आहे, १५०० मेगावॅट वाहून नेणारी. पडघा कुठं? ठाणे जिल्ह्यात, मुंबईच्या वेशीवर. वीज ७५२ किलोमीटर जाते. राख मात्र एवढा प्रवास करीत नाही. ती पाण्यात कालवून पाइपानं राखेच्या तलावात सोडतात, उन्हाळ्यात तलाव सुकतो आणि वारा सुटला की ती वाळवणावर, भाकरीवर, पोराच्या डोळ्यांत. केंद्रीय प्रदूषण मंडळानंच २००९ साली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली, त्यात चंद्रपूर चौथं. हे आपलं भाषण नव्हे, सरकारचा आकडा आहे.

गावकूस पूर्वी मातीचं होतं. महारवाडा वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे आपला वारा गावावरून जाऊ नये. ही अक्कल कुणी विसरलेलं नाही.

दिल्लीला काय केलं? बदरपूरचं ७०५ मेगावॅटचं केंद्र १९७३ पासून चालू होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये कायमचं बंद केलं, कारण राजधानीला श्वास लागत होता. त्याआधी २०१५ मध्ये राजघाटचं बंद झालं. चांगलं केलं! दिल्लीतही आपली माणसं झोपडपट्टीत राहतात, त्यांचीही छाती मोकळी होवो. पण म्हणजे केंद्र बंद करता येतं, हे सरकारला माहीत आहे. आणि इकडं विदर्भात? नागपूरच्या उशाशी कोराडी. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बांध फुटला, शेतात आणि नाल्यात राखेचा चिखल झाला. वर्षही पुरतं उलटलं नाही, तर २९ मे २०२३ ला त्याच कोराडीत आणखी १३२० मेगावॅटसाठी जनसुनावणी!

कायद्याचंही ऐका. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं नियम काढला की चिमणीतला गंधक धुऊन काढणारी यंत्रं दोन वर्षांत बसवा. मुदत वाढली, पुन्हा वाढली, पुन्हा वाढली. शेवटी ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेनं देशातल्या तीन चतुर्थांशाहून जास्त केंद्रांना त्या यंत्रातून सूटच देऊन टाकली. जी राजधानी परिसराच्या किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आत आहेत, त्यांना सक्ती राहिली. अतिप्रदूषित भागातल्यांचं एकेक प्रकरण बघून ठरवू म्हणाले. बाकी मोकळी. कारण दिलं, आपल्या कोळशात गंधक कमी. कमी आहे हे खरंच. पण जळतो किती? आणि दहा लाखांच्या शहराजवळचं फुप्फुस महाग, खेड्याजवळचं स्वस्त, हा दर कुठल्या बाजारात ठरला?

शिकागोचं सांगतो, कारण ते शहर आपल्याला परकं नाही. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये आपल्या पोरांनी नाव घेतलं, त्यांचा एकवीस वर्षांचा फ्रेड हॅम्प्टन पोलिसांनी ४ डिसेंबर १९६९ ला तिथंच झोपेत मारला. त्या शहरात फिस्क आणि क्रॉफर्ड अशी दोन कोळशाची केंद्रं होती, एक १९०३ चं, दुसरं १९२४ चं. शेजारच्या पिल्सन आणि लिटल व्हिलेज या वस्त्या मेक्सिकोतून आलेल्या कामकऱ्यांच्या. हार्वर्डच्या संशोधकांनी हिशोब मांडला : या दोन केंद्रांपायी वर्षाला ४१ अकाली मृत्यू आणि २८०० दम्याचे झटके. त्या वस्तीतल्या बाया, पोरं, म्हातारे दहा वर्षं मोर्चे काढत राहिले, दारोदार फिरले, नगर परिषदेला सळो की पळो केलं. २०१२ मध्ये दोन्ही बंद झाली. गॅस स्वस्त झाला होता, जुनं धूड सुधारणं मालकाला परवडेना, हेही त्यात आहे. पण वस्ती गप्प बसली असती तर ती आणखी किती वर्षं रेटली असती कोण जाणे.

इथंच टाळ्या वाजवू नका. पुढं आहे. क्रॉफर्डची जागा नव्या मालकाकडं गेली, त्याला तिथं मालाचं प्रचंड गोदाम बांधायचं. ११ एप्रिल २०२०, करोनाची टाळेबंदी, श्वासाचा रोग घराघरात. त्या सकाळी सुरुंग लावून जुनी चिमणी पाडली आणि धुळीचा लोट सगळ्या लिटल व्हिलेजवर पसरला. लोकांनी आधीच बजावलं होतं, कुणी ऐकलं नाही. आता गोदामात ट्रकांची ये-जा, डिझेलचा धूर. केंद्र गेलं, जागेवर काय यावं ते ठरवताना वस्ती पुन्हा बाहेर.

म्हणून नुसतं 'बंद करा' ही आपली मागणी अर्धी आहे. बंद कुणाच्या हातानं, हे आधी ठरवा. राख हाताळणीच्या कंत्राटी कामगारांचा हजेरीपट मागवा आणि आडनावं वाचा. कायम नोकरीवाल्याची बदली होईल, साहेबाला दुसऱ्या केंद्रावर क्वार्टर मिळेल. कंत्राटी माणसाला गेटवर कार्ड परत मागतील. त्याची नोकरी घालवून आपण शुद्ध हवेचा उत्सव करणार असू तर तो दगडच मारील, आणि मारावा. त्याचं पुनर्वसन, त्याच्या छातीची मोफत तपासणी आणि उपचार, राखेच्या तलावाची साफसफाई, हे सगळं बंदच्या आदेशातच लिहून घ्यायचं. नंतरच्या आश्वासनात नाही. धरणग्रस्तांना विचारा, नंतर म्हणजे काय ते.

शहरातल्या पोरांनी करण्यासारखं एक काम सांगतो. नव्या केंद्राची जनसुनावणी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा नसलेला त्याचा प्रतिनिधी बसून घेतो, नोटीस निदान तीस दिवस आधी पेपरात यावी लागते. जाडजूड अहवाल इंग्रजीत असतो, मराठीत फक्त सारांश. तुमच्यातले इंग्रजी वाचणारे आहेत. तो अहवाल मिळवा, त्यातलं राखेचं प्रकरण आणि आरोग्याचं प्रकरण मराठीत उतरवा, सायक्लोस्टाइल करा, झेरॉक्स करा, मोबाइलवर टाका, कसंही करा, पण सुनावणीच्या आठवडाभर आधी ते गावात पोचलं पाहिजे. मोठ्यानं वाचून दाखवा. मग त्या दिवशी माइकपुढं गावातलीच बाई उभी राहील. तुम्ही मागं बसा.