गोंड्याची अठरा नखं

घाबरट कुत्र्याचे केस कसे विंचरावेत आणि नखं कशी कापावीत, यावर मी रेडिओवर बोलणार आहे असं घरी सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, बत्तीस वर्षं इतिहास शिकवलात, त्यावर बोला की!" पण इतिहास मला कधी चावला नाही. गोंड्या चावला.

गोंड्या मूळचा माझ्या थोरल्या बहिणीचा. पांढराशुभ्र, लोकरीच्या गोंड्यासारखा गोल, वजन साडेपाच किलो. आपल्याकडे अशा कुत्र्याला सरसकट 'पामेरियन' म्हणतात. खरा पॉमेरेनियन तीन किलोच्या आतबाहेरचा. आपल्या घराघरांत दिसतो तो बहुधा इंडियन स्पिट्झ. ताई पुण्याला एकटी राहायची, तिच्या सोबतीला हा. ती आजारी पडली तेव्हा हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाली, "गोंड्याला कुणाला देऊन टाकू नकोस रे." मी हो म्हणालो. आजारी माणसाला आपण हो म्हणतोच. २०२२च्या दिवाळीनंतर ताई गेली आणि सात वर्षांचा गोंड्या सांगलीला आमच्या घरी आला.

ताईच्या आजारपणात त्याला कुणी नीट विंचरलंच नव्हतं. या जातीला दुहेरी केस असतात, आत मऊ लोकर आणि वर लांब राठ केस. न विंचरलेली लोकर आतल्या आत गुंतते आणि तिच्या जटा होतात. कानामागे, काखेत, शेपटीखाली गोंड्याच्या जटांची पार नमदा झाली होती. त्यात गोचीड. गोचीड म्हणजे नुसती घाण नव्हे, तिच्यापासून कुत्र्याला जीवघेणा ताप येतो. तेव्हा साफसफाई टाळून चालणार नव्हतं.

एका रविवारी आम्ही ती उरकायची ठरवली. 'उरकायची' हाच शब्द आमच्या डोक्यात होता. न्हाणीघराचं दार लावलं. बायकोने पुढचे पाय धरले, मी कंगवा घेतला. तो ओरडला तसा मीही ओरडलो. जटा सुटेनात, म्हणून म्हटलं, निदान नखं तरी कापू. पांढऱ्या नखातून आतली गुलाबी जिव्हाळी दिसते, काळ्या नखातून काहीच दिसत नाही. गोंड्याची नखं काळी. मी अंदाजाने कातरी चालवली आणि ती थेट जिव्हाळीला लागली. रक्त आलं, तो किंचाळला आणि माझ्या अंगठ्यात त्याचे दात रुतले.

जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली. गोंड्याला लस दिलेली होती, तरी मी डॉक्टरांकडे जाऊन इंजेक्शनं घेतली. हे मुद्दाम सांगतो, कारण 'घरचंच कुत्रं आहे' म्हणून हळद लावून गप्प बसणारे बरेच असतात.

अंगठा बरा झाला, पण गोंड्या बदलला. कातरीच्या ड्रॉवरचा आवाज झाला की तो पलंगाखाली जायचा आणि संध्याकाळपर्यंत बाहेर यायचा नाही. मी उचलायला वाकलो की गुरगुरायचा. बायको एके रात्री शांतपणे म्हणाली, "मे महिन्यात नातवंडं येतील. पोराच्या तोंडाला चावला म्हणजे?" तिचं काही चुकत नव्हतं. तासगावकडचे एक ओळखीचे द्राक्षबागायतदार कुत्रा घ्यायला तयार होते. मळा मोकळा, माणसं चांगली. ताईला दिलेला शब्द मोडायची मी मनाची तयारी करत होतो.

पाठवण्याआधी तपासून घ्यावं म्हणून त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणजे तिशीतली मुलगी. तिने कानामागची जट बाजूला केली, वास घेतला आणि म्हणाली, "काका, याचा कान सडत आलाय. दुखऱ्या कानापाशी कुणी कंगवा ओढला तर तुम्हीही चावाल." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याला हट्टी समजत होतो, लाडावलेला म्हणत होतो, आणि तो मला दुखतंय म्हणून सांगत होता. तिने कानाला औषध दिलं, आणि पुढे एक दिवस भूल देऊन सगळ्या जटा मशीनने काढल्या. पूर्ण भादरलं मात्र नाही. स्पिट्झचे केस मुळापासून काढले तर ते पुन्हा नीट येतीलच याची खात्री नसते, आणि ऊन थेट कातडीला लागतं. ज्यांचा कुत्रा विंचरताना चावायला येतो, त्यांनी आधी दुखणं तपासून घ्यावं. शिकवणं त्यानंतर.

जाताना ती म्हणाली, "काका, चावण्याआधी त्याने तुम्हाला निदान दहा वेळा सांगितलं असेल." आणि तिने ती भाषा मला दाखवली. झोप आलेली नसताना जांभई. समोर खाणं नसताना जिभल्या चाटणं. तोंड वळवणं. डोळ्याचा पांढरा भाग दिसणं. एक पाय वर उचलून धरणं. कान मागे, शेपूट पोटाशी. यातलं काहीच आपल्याला कळलं नाही की मग गुरगुरणं. आणि गुरगुरला म्हणून आपण त्याला फटका देतो. त्याने भीती जात नाही, फक्त गुरगुरणं जातं. पुढच्या वेळी तो न सांगता चावतो.

लहान कुत्र्याच्या बाबतीत हे जास्त घडतं, असं माझं मत झालंय. अल्सेशियनला कुणी मागून येऊन एका हाताने उचलत नाही. साडेपाच किलोच्या जिवाला आपण भाजीच्या पिशवीसारखं उचलतो, कारण उचलता येतं. त्याचं नको म्हणणं आपल्याला जड जात नाही, म्हणून ऐकूही येत नाही.

मास्तर माणूस, त्यामुळे पुस्तकं चाळली. त्यात मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंचा १९२४चा प्रयोग सापडला. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला भयंकर घाबरायचा. बाईंनी त्याला आवडीचं खाणं देऊन बसवलं आणि ससा पिंजऱ्यात घालून लांब ठेवला. इतका लांब, की पीटरचं खाणं थांबू नये. मग हळूहळू जवळ. मध्ये एकदा एक मोठा कुत्रा अंगावर आल्याने सगळी प्रगती पाण्यात गेली होती, तरी बाईंनी नेट सोडला नाही. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. पीटरला सशाची भीती, गोंड्याला कंगव्याची, एवढाच काय तो फरक. डॉक्टरांनीही वेगळं काही सांगितलं नव्हतं.

मग आम्ही सुरुवात केली. पहिले चार दिवस कंगवा नुसता जमिनीवर ठेवला आणि त्याच्याशेजारी उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे. कंगवा दिसला की चिकन येतं, कंगवा गेला की चिकन जातं. आमच्या घरात चिकन शिजत नसे, बायकोने वेगळं पातेलं दिलं. पनीरही चालतं. मनुका आणि द्राक्षं मात्र कुत्र्याला विषारी, चॉकलेट आणि कांदाही. (तासगावला तो काय खाऊन बसला असता, देव जाणे.) मग कंगव्याची पाठ अंगाला लावली. मग दात, पाठीवरून एकच हात, आणि थांबलो. हे थांबणं फार कठीण जातं. तो शांत उभा असतो, आपल्याला वाटतं, आणखी दोन हात मारून घ्यावेत. तिसऱ्या आठवड्यात मी तसे मारले. काखेपर्यंत गेलो. गोंड्या पलंगाखाली. पुढचे आठ दिवस पुन्हा जमिनीवर कंगवा आणि चिकन.

जागाही बदलली. न्हाणीघर त्याच्या मनात बसलं होतं, म्हणून बाहेरच्या खोलीत रबरी पायपुसणं टाकलं. गुळगुळीत फरशीवर पाय घसरले की कुत्रा आणखी घाबरतो. स्टीलच्या ताटलीला घट्ट दही थापून समोर ठेवलं. तो चाटत राहतो, आणि चाटता चाटता सैल पडतो. अंघोळीचं म्हणाल तर नळाचा आवाज नको, बादली आधीच भरून ठेवायची. कोमट पाणी तांब्याने मागून हळूहळू, तोंडावर नाही. तोंड ओल्या फडक्याने पुसायचं. शाम्पू कुत्र्यांचाच, आपला त्यांच्या कातडीला चालत नाही. केस वाळवायला पंचे. ड्रायर आमच्या घरी कपाटातच आहे.

सर्वांत उपयोगी पडली ती हनुवटीची युक्ती. मी तळहात पसरायचा, त्याने त्यावर हनुवटी टेकवली की तुकडा. आठवडाभरात तो आपणहून टेकवू लागला. मग ठरलं, की हनुवटी हातावर आहे तोवरच काम. मी हनुवटी धरायची आणि बायकोने कंगवा चालवायचा. त्याने मान उचलली की कंगवा खाली. पहिल्या दिवशी त्याने नऊ वेळा मान उचलली. तो आम्हाला पारखत होता, हे स्पष्ट दिसत होतं. नवव्यांदाही आम्ही थांबलो, तेव्हा त्याने हनुवटी टेकवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. बायको काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तासगावला फोन तिनेच केला.

नखांचं शेवटी. कुत्र्याला साधारण अठरा नखं असतात. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. मी दिवसाला एक कापायचं ठरवलं, तेही टोकावरचं खसखशीएवढं. अठरा दिवसांत एक फेरी, की पुन्हा पहिल्यापासून. काळ्या नखाच्या कापलेल्या भागात मधोमध गडद ठिपका दिसू लागला की थांबायचं, पुढे जिव्हाळी आहे. शेजारी वाटीत कॉर्नफ्लोअर ठेवतो. रक्त आलंच तर दाबून धरलं की थांबतं.

यातलं काहीच न जमणारे कुत्रे असतात, त्यात कुणाला कमीपणा वाटू नये. तोंडाला जाळीची सैल मुसकी घालायची सवयही याच पद्धतीने लावता येते. धाप टाकता येईल अशी हवी. भीती फारच असेल तर डॉक्टर आधी द्यायची गोळी लिहून देतात. आपल्या डब्यातली झोपेची किंवा तापाची गोळी मात्र चुकूनही देऊ नये.

२०२३च्या मे महिन्यात नातवंडं आली. नात पाच वर्षांची, तिला कंगवा हवाच होता. आम्ही तिला माझ्या मांडीवर बसवलं आणि हात कुठे पसरायचा ते दाखवलं. गोंड्या आला, तिच्या तळहाताचा वास घेतला आणि परत गेला. ती रडवेली झाली. "आजोबा, त्याला मी आवडत नाही?" मी म्हटलं, "त्याने उद्या ये म्हटलंय." चौथ्या दिवशी त्याने तिच्या हातावर हनुवटी ठेवली.

आता तो म्हातारा होत चाललाय, मागचे पाय आखडतात, म्हणून त्याला आडवा पडूनच नखं कापू देतो. आज इकडे यायच्या आधी सतराव्या नखावर त्याने मान उचलली. एक राहिलंय, ते उद्या.